‘सिद्धराम’ की ‘शिद्राम’? सोलापूरच्या एका नावाचा अर्थ, इतिहास आणि प्रसार

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा अमलात आला आणि त्या दिवसापासून जन्मणाऱ्या मुलांची जन्मतारीख व जन्मस्थान सिद्ध करण्यासाठी, शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत, जन्मदाखला हाच आधार ठरला. पाठोपाठ महाराष्ट्रात, १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिण्याचा निर्णय झाला. पूर्वी बारशाच्या दिवशी घरात ठरणारी आणि पुढे शाळेत गुरुजी लिहितील तशी रूढ होणारी नावे आता पहिल्याच वर्षी अक्षराअक्षराने निश्चित करावी लागतात.

सोलापुरात ही अडचण एका नावाच्या बाबतीत विशेष जाणवते. पणजोबांच्या सातबाऱ्यावर ‘शिद्राम’, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘सिद्धाराम’, आणि नातवाला आजोबांचेच नाव द्यायचे ठरले तर अर्जात ‘सिद्धराम’ लिहायचे की आणखी काही? ही तीन नावे आहेत की एकच नाव तीन वेळा लिहिले गेले आहे? त्याचा अर्थ काय, ते मराठी की कानडी, आणि ते आता मागे पडत चालले आहे का? हे प्रश्न घरोघरी विचारले जातात आणि बहुतेक वेळा एका वाक्यात निकालात काढले जातात. त्यांची उत्तरे मात्र एका वाक्यात मावणारी नाहीत.

‘सिद्ध’ या शब्दात काय आहे

संस्कृतात शब्दांच्या मुळाशी असलेल्या क्रियावाचक अंशाला धातू म्हणतात. ‘सिध्’ हा असा एक धातू आहे आणि त्याचा अर्थ ‘पार पडणे, साध्य होणे’ असा आहे. त्यापासून झालेला ‘सिद्ध’ हा शब्द क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो. सिद्ध म्हणजे जे साधले गेले, जे पूर्णत्वाला पोहोचले ते. साधन, साधना, साधक, साध्य, सिद्धी हे सारे त्याच कुळातले शब्द आहेत. साधक हा वाटेवर असतो, सिद्ध हा पोहोचलेला असतो.

हा अर्थ समजण्यासाठी स्वयंपाकघरातले उदाहरण सर्वांत चांगले, कारण संस्कृतात शिजून तयार झालेल्या अन्नालाही ‘सिद्धान्न’ म्हणतात. पीठ मळले, थापले, तव्यावर टाकले, तरी भाकरी अजून सिद्ध नाही. फुगून, दोन्ही अंगांनी भाजून ती टोपल्यात पडली की सिद्ध. मराठीतला ‘शिधा’ हा शब्दही ‘सिद्ध’ या शब्दातूनच आलेला आहे. शिजवून खाण्यासाठी तयार करून दिलेले धान्य तो शिधा. रेशनकार्डाला आपण शिधापत्रिका म्हणतो तेव्हा या नावाच्या पहिल्या निम्म्या भागाचा सख्खा भाऊच उच्चारत असतो.

‘सिद्ध’ म्हणजे चमत्कार करणारा, अंगात शक्ती असलेला, असा एक समज फार पसरलेला आहे. तो निराधार नाही, पण अपुरा आहे. योगमार्गाने सिद्धी मिळवलेल्या पुरुषाला सिद्ध म्हणण्याची प्रथा जुनी आहे, चौऱ्याऐंशी सिद्धांची परंपरा सांगितली जाते आणि अमरकोशात तर यक्ष-गंधर्वांच्या पंक्तीत ‘सिद्ध’ ही एक देवयोनीच नोंदलेली आहे. मात्र जैनांच्या नमस्कारमंत्रात अरिहंतांनंतर ज्या सिद्धांना वंदन केले जाते, ते कर्मबंधनातून सर्वस्वी मुक्त झालेले जीव आहेत. तेथे चमत्काराचा संबंध नाही. सर्व परंपरांना समान असलेला गाभा ‘पूर्णत्वाला पोहोचलेला’ एवढाच आहे.

हा शब्द शुभ मानला जाण्याची परंपरा किती जुनी आहे, याचे एक लेखी प्रमाण उपलब्ध आहे. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवर कात्यायनाने जी वार्तिके, म्हणजे टिपणवजा वाक्ये, लिहिली, त्यांतील पहिल्याच वार्तिकाचा आरंभ ‘सिद्धे’ या शब्दाने होतो, आणि इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील पतंजली आपल्या महाभाष्यात म्हणतो की मंगल व्हावे म्हणून आचार्यांनी हा शब्द आरंभी योजला. पुढे मुलाला अक्षरओळख करून देताना ‘ॐ नमः सिद्धम्’ म्हणण्याची रीत पडली आणि त्याचेच मराठीत ‘ओनामासिधं’ झाले. आज आपण एखाद्या कामाचा ‘ओनामा’ केला असे म्हणतो, त्यातला ‘सिद्धम्’ गळून गेला असला तरी तो मुळात तेथे होता.

शैव संताच्या नावात ‘राम’ कसा?

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर हे शिवाचे रूप, गावाचे संत सिद्धराम शैव, आणि नावात राम. हे कोडे अनेकांना पडते. त्याचे उत्तर दोन पातळ्यांवर आहे. ‘रम्’ म्हणजे रमणे, आनंद पावणे, आणि ‘राम’ म्हणजे ज्याच्या ठायी मन रमते तो. हा शब्द अयोध्येच्या रामाच्याही आधीपासून भाषेत आहे. परशुराम आणि बलराम यांच्या नावांतही तोच आहे. दुसरे असे की व्यक्तिनाम ठेवताना लोक संप्रदायाच्या सीमा काटेकोरपणे पाळत नाहीत. शिवालाच ‘रामेश्वर’ आणि ‘रामनाथ’ म्हणणाऱ्या देशात शिवभक्ताच्या नावात राम असणे मुळीच विसंगत नाही. ‘सिद्धराम’ याचा सरळ अर्थ ‘सिद्धावस्थेत रमलेला’ किंवा ‘सिद्धपुरुष असा राम’ असा करता येतो. मला पहिला अर्थ अधिक जवळचा वाटतो, कारण तो या नावाच्या सर्वांत मोठ्या धारकाच्या आयुष्याशी जुळतो.

सोन्नलगीचा सिद्धराम

बाराव्या शतकात सोलापूरचे नाव सोन्नलगी असे होते. कन्नडमध्ये त्याला सोन्नलिगे म्हणत. तेथे मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धरामांचा जन्म झाला. राघवांक या कन्नड कवीने त्यांचे चरित्र काव्यात लिहिले. नावाच्या दृष्टीने या चरित्रकथेतला एक तपशील फार मोलाचा आहे. मुलाला आधी घरच्या दैवतावरून ‘धूळिमाकाळ’ असे नाव मिळाले होते आणि सिद्धराम हे नाव रेवणसिद्ध या शैव सिद्धपुरुषाच्या शब्दामुळे रूढ झाले, असे ती कथा सांगते. म्हणजे ज्या नावाने आज शेकडो वर्षे मुलांची नावे ठेवली जात आहेत, ते खुद्द त्या पुरुषाचेही पाळण्यातले पहिले नाव नव्हते.

मुलगा रानात असताना श्रीशैलचा मल्लिकार्जुन, म्हणजे तेथला शिव, जंगमाच्या, म्हणजे फिरत्या शैव साधूच्या रूपाने भेटला, त्याने खायला मागितले, मूल घरी धावले आणि परत येऊन पाहते तो जंगम नाहीसा झालेला. मग त्याच्या शोधात ते रडत श्रीशैलपर्यंत गेले, ही कथा सोलापुरात लहान मुलांनाही ठाऊक असते. पुढे सिद्धरामांनी आपल्या वचनांच्या, म्हणजे कन्नडमधील छोट्या भक्तिपर रचनांच्या, शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रिका वापरली. मुद्रिका म्हणजे कवीने रचनेच्या शेवटी ठेवलेली खूण, जशी आपल्याकडे अभंगात ‘तुका म्हणे’. त्यांची हजाराहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत. गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना आणि लोकांच्या श्रमातून खोदलेला तलाव ही त्यांची दोन कामे शहराच्या नकाशातच कोरली गेली आहेत.

तलावाच्या कामाशी या नावाची आणखी एक गोष्ट जोडलेली आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शरण म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतले शिवभक्त. त्यांच्यातले थोर संत अल्लमप्रभू सोन्नलगीला आले तेव्हा त्यांनी सिद्धरामांना ‘ओड्डराम’ अशी हाक मारली, असे शरण साहित्यात सांगितले आहे. ओड्ड म्हणजे वडार, दगडमातीचे काम करणारा. आपल्या गुरूचा हा अवमान आहे असे समजून कामावरचे लोक अल्लमांवर दगड घेऊन धावले. अल्लमांचा रोख वेगळा होता: माती उपसण्यात, देवळे आणि तळी बांधण्यात गुंतलेला हा पुरुष अजून आतल्या सिद्धीपर्यंत पोहोचलेला नाही, असे त्यांना सुचवायचे होते. त्यानंतर सिद्धराम शरणांचे केंद्र असलेल्या कल्याणला (आजचे बसवकल्याण) गेले, त्यांनी शरण चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची, दीक्षा घेतली आणि शून्यसिंहासनाचे, म्हणजे शरणांच्या सर्वोच्च पीठाचे, ते अधिपती झाले. म्हणजे सिद्ध हे नाव आधी मिळाले आणि त्याचा अर्थ त्यांना नंतर कमवावा लागला.

आणि ज्या ‘ओड्ड’ शब्दाने दगड उचलले गेले, तोच शब्द पुढे अभिमानाचा झाला. कर्नाटकातील भोवी, म्हणजे वड्डर समाज सिद्धरामेश्वरांना आपले गुरू मानतो आणि तेथे १४ जानेवारीला त्यांची जयंती शासकीय पातळीवर साजरी होते.

सिद्धराम, सिद्धेश्वर आणि सिद्धरामेश्वर ही एकच नावे आहेत का?

बोलण्यात आपण तिन्ही नावे अदलून बदलून वापरतो, पण त्यांची घडण वेगळी आहे. सिद्ध आणि ईश्वर हे शब्द जोडले की ‘अ’ आणि ‘ई’ मिळून ‘ए’ होतो आणि सिद्धेश्वर हे नाव तयार होते. ते मुळात देवाचे नाव आहे आणि महाराष्ट्र-कर्नाटकात अनेक गावी या नावाची शिवमंदिरे आहेत, ज्यांचा सोलापूरशी संबंध असेलच असे नाही. सिद्धराम हे माणसाचे नाव आहे.

‘सिद्धरामेश्वर’ हे दोहोंना जोडणारे नाव आहे. शिवलिंगाला स्थापन करणाऱ्याचे नाव देऊन पुढे ‘ईश्वर’ जोडण्याची चाल दक्षिणेत फार जुनी आहे. पट्टदकलचे संगमेश्वर मंदिर चालुक्य राजा विजयादित्याने बांधले म्हणून ते मूळचे विजयेश्वर. तंजावरचे राजराजेश्वर मंदिर राजराज चोळाचे. हळेबीडचे होयसळेश्वर होयसळांचे. या चालीने पाहिले तर सिद्धरामेश्वर म्हणजे ‘सिद्धरामाचा ईश्वर’. पण भक्तांच्या दृष्टीने संत आणि देव यांतले अंतर पुसले गेले, आणि तलावाच्या पाण्यात उभ्या असलेल्या मंदिरात समाधीपुढे हात जोडणारा माणूस यातले कोणतेही नाव घेतो. मुलाचे नाव ठेवताना मात्र फरक उरतो. सिद्धेश्वर ठेवणारे देवाचे नाव ठेवतात, सिद्धराम ठेवणारे एका माणसाचे.

‘शिद्राम’ हे अशुद्ध रूप आहे का?

नाही, आणि हे मी आग्रहाने लिहितो, कारण शाळेत, कचेरीत आणि कधी कधी घरातही हे नाव धारण करणाऱ्या वृद्धांना ‘तुमचे नाव चुकीचे आहे’ असे ऐकावे लागते. मराठीचा एक जुना उच्चारनियम असा आहे की संस्कृतातल्या ‘स’ला पुढे ‘इ’ किंवा ‘ई’ आली की तो बहुधा ‘श’ होतो. सीमा या शब्दापासून शीव झाली, सीव्यति या क्रियापदापासून शिवणे, सिंचनाच्या धातूपासून शिंपणे, आणि आपण वर पाहिले तसे सिद्ध या शब्दापासून शिधा. ‘शिवणे’ हा शब्द कोणी अशुद्ध म्हणत नाही. मग त्याच नियमाने झालेला ‘शिद्राम’ अशुद्ध कसा?

मधला ‘ध’ कोठे गेला, हेही सांगता येते. मराठी बोलताना शब्दाच्या मध्यावरचा ‘अ’ आपण सहज गाळतो. लिहितो ‘करवत’ आणि म्हणतो ‘कर्वत’. तसे सिद्धराम म्हणताना ‘द्ध’मधला ‘अ’ गळतो, मग द्, ध् आणि र् ही तीन व्यंजने एकत्र येतात, आणि जीभ ती सोपी करून ‘द्र’ एवढेच ठेवते. म्हणून सिद्राम, शिद्राम. नदीतला गोटा वाहून वाहून गुळगुळीत होतो, तशी ही रूपे शेकडो वर्षे तोंडात घोळून तयार झाली आहेत. ‘सिद्धाराम’ या रूपातला मधला ‘आ’ मात्र संस्कृत व्याकरणाने समजावता येत नाही. हाक मारताना ‘सिद्धा’ म्हणण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे तो आला असावा, असे मला वाटते.

हे नाव मराठी की कानडी?

सोलापुरात राहणाऱ्याला हा प्रश्न काहीसा कृत्रिम वाटतो, पण बाहेरचे लोक तो नेहमी विचारतात. शब्द संस्कृत आहे, त्याला नाव म्हणून थोरवी मिळवून देणारे संत कन्नडमध्ये वचने रचत होते, आणि त्यांचे गाव आज महाराष्ट्रात आहे. सोलापुरी जकार्ड चादर उलटून पाहिली तर दोन्ही बाजूंना तीच नक्षी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. या नावाचेही तसेच आहे.

कन्नडच्या बाजूने पाहिले तर बोलीत ‘ध’सारख्या महाप्राण वर्णांचा, म्हणजे ‘ह’ मिसळून उच्चारल्या जाणाऱ्या वर्णांचा, ‘ह’ विरतो आणि ‘सिद्द’ होते. मग त्याला आदराचे शब्द जोडले जातात. अप्पा म्हणजे वडील, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अय्या म्हणजे स्वामी किंवा मान्य पुरुष. यातून सिद्धप्पा, सिद्धण्णा, सिद्धय्या, सिद्रामप्पा ही रूपे होतात. २०१३ साली आणि पुन्हा २०२३ साली कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले सिद्धरामय्या यांचे नाव म्हणजे सिद्धराम अधिक अय्या, इतकेच. ते मूळचे म्हैसूरजवळचे, सोलापूरपासून कितीतरी दूरचे. नाव किती लांबवर पोहोचले आहे हे त्यावरून दिसते. मराठीच्या बाजूने शिद्राम, सिद्धोबा, सिदू, सिद्धू ही रूपे आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत एकाच घरात आई ‘सिद्दप्पा’ म्हणते, शाळेतला मित्र ‘सिद्धू’ म्हणतो आणि दोघेही त्याच मुलाला हाक मारत असतात.

हे नाव एकाच समाजाचे आहे, हा समजही खरा नाही. लिंगायत घरांत ते अधिक आढळते हे खरे, पण सिद्धरामांच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचे, मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, आणि संमती कट्ट्यावर यात्रेतल्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडताना ‘सत्यम सत्यम’च्या गजरात शहरातल्या सगळ्या थरांतले लोक उभे असतात. नाव त्या गर्दीइतकेच मिश्र आहे.

किती मुलांचे हे नाव असेल?

येथे वाचकाला आकडा हवा असतो. ब्रिटन किंवा अमेरिकेत सरकार दरवर्षी जन्मनोंदणीवरून नावांची क्रमवार यादी प्रसिद्ध करते. अमेरिकेतली यादी तर १८८० सालापासूनच्या जन्मांची मिळते. आपल्याकडे अशी वार्षिक यादी प्रसिद्ध करण्याची पद्धत नाही. त्यामुळे ‘या वर्षीची सर्वांत लोकप्रिय शंभर नावे’ अशा मथळ्यांखाली जे फिरते, ते सरकारी जन्मनोंदणी मोजून केलेले नसते, हे ध्यानात ठेवावे.

समजा उद्या अशी यादी निघाली, तरी या नावाची मोजणी सोपी होणार नाही. एकाच शेतातली मालदांडी ज्वारी पाच पोत्यांत भरली आणि प्रत्येक पोत्यावर वेगळ्या वाणाची चिठ्ठी लावली, तर बाजारात ती पाच वाणांची थोडी थोडी ज्वारी दिसेल. सिद्धराम, सिद्धाराम, सिद्राम, शिद्राम, सिद्रामप्पा यांचे तसेच होते. इंग्रजी स्पेलिंग घेतले तर गोंधळ आणखी वाढतो. ‘द्ध’ हा वर्ण एक डी, दोन डी, डी-एच किंवा डी-डी-एच अशा चार रीतींनी लिहिलेला आढळतो. त्यापुढचा ‘अ’ काही जण लिहितात, काही गाळतात. ‘रा’साठी काही एक ए वापरतात, काही दोन. चार गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे एकट्या सिद्धरामाची सोळा स्पेलिंगे झाली, आणि यात ‘श’ने सुरू होणारी रूपे धरलेलीच नाहीत. संगणक या सोळांना सोळा वेगळी नावे समजतो.

लोकप्रियतेला झाकणारे आणखी एक कारण घराच्या आत आहे. नातवाला आजोबांचे नाव द्यायचे, ही या भागातली रूढ चाल. पण सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, हीही रूढी होती. मग मुलाच्या आईने मुलाला हाक कशी मारायची? म्हणून पाळण्यात सिद्धराम आणि अंगणात अप्पू, बाळू, अण्णा. नाव कागदावर भरपूर होते, कानावर कमी पडत होते.

मग ते मागे पडले आहे का?

माझे उत्तर असे की नाव मागे पडण्यापेक्षा त्याने जागा बदलली आहे. आपल्या पूर्ण नावात वडिलांचे नाव येते, त्यामुळे एखाद्या पिढीत नव्या मुलांना एखादे नाव कमी दिले गेले तरी मुलांच्या नावांमागे ते पुढची एक पिढी टिकून राहते. नव्या नियमानुसार ते आता दुसऱ्याऐवजी तिसऱ्या स्थानी जाईल, पण राहील. शिवाय नावाचा पहिला भाग नव्या रूपांत जोमाने चालू आहे. सिद्धेश हे सिद्धेश्वरातल्या ईश्वराच्या जागी ‘ईश’ ठेवून झालेले आटोपशीर रूप आहे. सिद्धांत म्हणजे सिद्ध ठरलेला निष्कर्ष. सिद्धार्थ म्हणजे ज्याचा हेतू साध्य झाला तो. हे गौतम बुद्धांचे गृहस्थाश्रमातले नाव, आणि जैन परंपरेत भगवान महावीरांच्या वडिलांचेही. महाराष्ट्रात या नावाला आणखी एक इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ हे नाव दिले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर हे नाव बौद्ध घरांत आवर्जून ठेवले जाऊ लागले.

या सर्व नावांत ‘सिद्ध’ समान असला तरी त्यांना एकाच माळेत ओवू नये, असे मला वाटते. सिद्धार्थ नाव ठेवणाऱ्या घराच्या मनात कपिलवस्तू आणि नागपूर असते. सिद्धराम ठेवणाऱ्या घराच्या मनात तलाव असतो.

शास्त्रात आणि पत्रिकेत हे नाव बसते का?

ज्यांना शास्त्राधार हवा असतो त्यांच्यासाठी पतंजलीनेच एक जुना नियम नोंदवून ठेवला आहे. दहाव्या दिवसानंतर मुलाचे नाव ठेवावे. ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे. त्याचा आरंभ मृदू व्यंजनाने व्हावा. मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा वर्ण असावा. आणि ते वडिलांच्या तीन पिढ्यांतल्या पूर्वजांना स्मरून ठेवलेले, शत्रूकडे न रुळलेले असावे. सि-द्ध-रा-म ही चार अक्षरे झाली, मध्ये ‘र’ आहे, आणि पूर्वजांची अट तर आजोबांचे नाव ठेवणारे घर आपोआप पाळते. फक्त आरंभीचा ‘स’ हा कठोर वर्ण असल्याने तेवढी एक अट सुटते.

पत्रिकेच्या हिशेबात ‘सी’ हे अक्षर शततारका नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचे, म्हणून रास कुंभ. मुलाचे नक्षत्र दुसरे असेल तर आपल्याकडे नावरशीचे नाव कानात सांगतात आणि व्यवहाराचे वेगळे ठेवतात. त्यामुळे या कारणासाठी आजोबांचे नाव सोडून देण्याची गरज सहसा पडत नाही.

अर्जात काय लिहावे?

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, पण नाव त्याच दिवशी ठरलेले असावे लागत नाही. नावाशिवाय नोंद करता येते; मग बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क नोंदवता येते आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून घाईने लिहिण्यापेक्षा घरात बसून आधी मराठी रूप एकमताने ठरवावे, ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावे, मग त्याचे इंग्रजी स्पेलिंग ठरवावे आणि तोच कागद अर्जासोबत न्यावा. आजोबांच्या कागदावर ‘शिद्राम’ आहे म्हणून नातवालाही तेच रूप द्यायचे असेल तर खुशाल द्यावे. ते खरे नाव आहे. मात्र मुलाच्या जन्मदाखल्यावर जे रूप जाईल, तेच पुढे आधार कार्डावर आणि शाळेच्या रजिस्टरात अक्षरशः तसेच गेले पाहिजे. वडिलांच्या नावाच्या रकान्यात तर आवडीला वावच नाही: वडिलांच्या स्वतःच्या कागदांवर ‘सिद्धाराम’ असेल तर मुलाच्या दाखल्यावरही ‘सिद्धाराम’च लिहावे, ‘सुधारून’ सिद्धराम करू नये, कारण मग बाप-लेकाच्या कागदांत दोन वेगळी माणसे दिसू लागतात.

लिहिणाऱ्याच्या हातून चूक झाली असेल तर ती दुरुस्त करण्याची तरतूद याच कायद्यात आहे आणि त्यासाठी नोंदणी झाली त्याच कार्यालयात पुराव्यानिशी अर्ज करावा लागतो. चूक नसताना पुढे मोठेपणी नावच बदलायचे असेल तर ते शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे लागते. दाखला हातात आल्यावर खिडकीपासून दूर जाण्यापूर्वी मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी बोट ठेवून वाचाव्यात, आणि ‘द्ध’ जोडाक्षर नीट उमटले आहे ना, हे आधी पाहावे.